भूमी देऊन काळ घेणे : युद्धपटावरील सोव्हिएत बचाव

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन-सोव्हिएत संघर्षावर जे युद्धपट गेल्या साठ वर्षांत निघाले, त्यांपैकी बहुतेकांत असा नियम असतो की, सोव्हिएत बाजू घेऊन बसणाऱ्या खेळाडूने प्रथम आपल्या सोंगट्या सरहद्दीवर मांडावयाच्या, आणि त्या मांडून झाल्या म्हणजे जर्मन खेळाडूने, ती सारी मांडणी सावकाश न्याहाळून, तिच्यातील जो सांधा दुबळा दिसेल त्यावर पहिला घाव घालावयाचा. प्रथमदर्शनी हा नियम अन्यायाचा वाटतो. परंतु २२ जून १९४१ च्या पहाटे बाल्टिक समुद्रापासून काळ्या समुद्रापर्यंतच्या सरहद्दीवर जे घडले, त्याचेच ते पटावर उतरलेले रूप आहे. ज्याला पहिली चाल नाही, ज्याच्या फौजेचा पहिल्या काही डावांत संहार होणार हे दोन्ही खेळाडूंना ठाऊक आहे, आणि तरीही ज्याने अखेरीस तगून राहावयाचे आहे, अशा पक्षाने आपला बचाव कोणत्या तत्त्वांवर उभारावा, हा प्रश्न या खेळाच्या अभ्यासकांनी मोठ्या आस्थेने हाताळलेला आहे. त्या साऱ्या अभ्यासाचा निष्कर्ष मला असा दिसतो की, बचावात राखावयाची मुख्य वस्तू भूमी नसून सैन्य होय. आणि सैन्य राखावयाचे असेल तर काय गमवावयाचे हे शत्रूने ठरविण्यापूर्वी आपण ठरविले पाहिजे.

ज्यांना युद्धपट म्हणजेच वॉरगेम हा प्रकार अपरिचित आहे, त्यांच्यासाठी त्याच्या कुळाचा थोडा परिचय आवश्यक आहे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सेनेची चार अंगे पटावर आणणारा आपला चतुरंग हा या कुळाचा दूरचा पूर्वज. त्याच्यापासून झालेल्या बुद्धिबळाचा पट विस्तारून, त्यावर डोंगर, नद्या आणि दलदली घालण्याचा उपक्रम १७८० मध्ये ब्रन्सविक येथील हेल्विग या गृहस्थाने केला. आणि १८२४ मध्ये राइस्विट्झ नावाच्या तरुण प्रशियन अधिकाऱ्याने चौकोनी घरे टाकून देऊन प्रत्यक्ष नकाशावर, पंचाच्या देखरेखीखाली आणि फाशाच्या साहाय्याने खेळावयाचा युद्धपट प्रशियाच्या सेनेपुढे ठेवला, तो तिने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला. पुढे या विद्येला सर्वसामान्य नागरिकाच्या घरी नेण्याचे श्रेय अमेरिकेतील चार्ल्स रॉबर्ट्स यांच्याकडे जाते. त्यांनी १९५८ मध्ये बाल्टिमोर येथे ‘ॲव्हलॉन हिल’ ही संस्था काढली, आणि तिने १९६३ मध्ये ‘स्टालिनग्राड’ हा रशियन रणभूमीवरील युद्धपट प्रसिद्ध केला. सोव्हिएत बचावाच्या शास्त्राचा श्रीगणेशा या पटापासून झाला.

या पटाची रचना साधी आहे. नकाशावर षट्कोणी घरांची जाळी आखलेली असते, कारण षट्कोणाच्या मध्यापासून त्याच्या सहाही शेजाऱ्यांच्या मध्यापर्यंतचे अंतर सारखेच भरते, आणि चौकोनी पटावर तिरप्या चालीमुळे होणारा घोटाळा येथे उद्भवत नाही. प्रत्येक सोंगटीवर तीन अंक छापलेले असतात : आक्रमणबळ, बचावबळ आणि चाल. ‘स्टालिनग्राड’मधील सोव्हिएत पथके ४-६-४, ५-७-४ आणि ७-१०-४ अशा बळाची आहेत, म्हणजे ती हल्ल्यापेक्षा बचावात अधिक समर्थ आहेत, उलट जर्मनांची रणगाडा पथके ८-८-६ अशी, बलवान आणि वेगवान. हल्ला करताना आक्रमकाच्या बेरजेला बचावकर्त्याच्या बेरजेने भागावयाचे, उरलेला अपूर्णांक बचावकर्त्याच्या बाजूने सोडून द्यावयाचा, आणि जे प्रमाण निघेल त्याच्या कोष्टकात फासा टाकून निकाल पाहावयाचा. या कोष्टकात तीनास एक ही मोठी सीमारेषा आहे. त्या प्रमाणापासून पुढे आक्रमकाचे पथक एकतर्फी नष्ट होण्याचा धोका टळतो, आणि दोनास एक असताना तो शिल्लक असतो. म्हणून सोव्हिएत खेळाडूची पहिल्या डावातील सारी मसलत एका वाक्यात सांगता येते : जर्मनाला तीनास एक हे प्रमाण शक्य तितक्या थोड्या ठिकाणी मिळू द्यावयाचे.

हे साधण्याचे मुख्य साधन म्हणजे नदी. नदीच्या पाठीमागे उभ्या असलेल्या पथकाचे बचावबळ दुप्पट होते. आता हिशेब पाहावा. १० बचावबळाचे एक पथक नदीमागे उभे आहे, म्हणजे त्याचे मोल २० झाले. एका घरात फार तर तीन सोंगट्या राहू शकतात. तेव्हा ८ आक्रमणबळाची तीन रणगाडा पथके एका घरात जमवली तरी बेरीज २४ होते, आणि प्रमाण पडते एकास एक. दोन घरांतून हल्ला झाला तर ४८, म्हणजे दोनास एक. आणि तीन घरांतून झाला तर ७२, म्हणजे तीनास एक. याचा अर्थ असा की, त्याच पथकाला, त्याच नदीमागे, शत्रूला दोनच घरांतून भिडता येईल अशा जागी ठेवले तर ते बहुधा टिकेल, आणि तीन घरांतून भिडता येईल अशा जागी ठेवले तर ते बहुधा बुडेल. जेथे नदीचे वळण शत्रूच्या बाजूला पुढे येते तेथे बचावकर्ता अनेक घरांतून उघडा पडतो, आणि जेथे ते आपल्या बाजूला आत वळते तेथे शत्रूचीच दाटी होते. नेमान, बुग, प्रुत, द्नीस्तर, पुढे द्वीना आणि द्नीपर या नद्यांचे एकेक वळण या दृष्टीने तपासून खेळाडूंनी अनेक मांडण्या सिद्ध केल्या, आणि ‘ॲव्हलॉन हिल’च्या ‘जनरल’ या नियतकालिकात त्यांवर पुष्कळ ऊहापोह झाला. मध्यभागी पसरलेली प्रिपेतची अफाट दलदल ही त्या मांडणीची नैसर्गिक साहाय्यक, कारण ती आक्रमकाच्या फौजेचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग करते, आणि एका भागाला दुसऱ्याच्या मदतीस त्वरेने जाऊ देत नाही.

नदीइतकेच महत्त्वाचे दुसरे साधन म्हणजे नियंत्रणक्षेत्र. प्रत्येक पथक आपल्या सभोवतीच्या सहा घरांवर अंमल ठेवते, आणि त्यांपैकी एका घरात पाऊल टाकताच शत्रूला तेथेच थांबावे लागते. त्यामुळे दोन पथकांमध्ये दोन घरे मोकळी ठेवली तरी दोन्ही घरे कोणा ना कोणाच्या अंमलाखाली राहतात, म्हणजेच दर तिसऱ्या घरावर एक पथक ठेवून अखंड फळी उभी करता येते. ज्याच्याजवळ सैन्य थोडे आणि सरहद्द लांब, त्याला ही काटकसर वरदानासारखी आहे. मात्र ही विरळ फळी शत्रूला अडविण्यापुरती असते, थोपवून धरण्यापुरती नव्हे, हे विसरता कामा नये. ती एका डावाचा विलंब विकत घेते आणि त्याची किंमत म्हणून काही पथके देते. बाजारी भाषेत सांगावयाचे तर हा व्यवहार उधारीचा नसून रोखीचा आहे. आणि जो खेळाडू ही किंमत आधीच मनाशी ठरवून ठेवतो, त्याला पुढच्या डावात पश्चात्ताप करावा लागत नाही.

एकाच फळीवर भिस्त ठेवणाऱ्यांची परीक्षा १९७४ मध्ये आली. त्या वर्षी जॉन एडवर्ड्स या ऑस्ट्रेलियन रचनाकाराचा ‘द रशियन कॅम्पेन’ हा युद्धपट ‘जेडको’ या संस्थेने प्रसिद्ध केला, आणि १९७६ मध्ये ‘ॲव्हलॉन हिल’ने त्याची आवृत्ती काढली. त्यात एक डाव म्हणजे दोन महिने, आणि एकाच डावात खेळाडूने दोनदा चालावयाचे व दोनदा लढावयाचे, अशी व्यवस्था आहे. दुसरी चाल पहिलीपेक्षा तोकडी असते. पण तिचा खरा लाभ रणगाडा पथकांना मिळतो. पहिल्या लढाईत फळीला खिंडार पडले की दुसऱ्या चालीत रणगाडे त्यातून आत घुसतात, पिछाडीचे रस्ते आणि लोहमार्ग अडवितात, आणि फळीत अजून अभंग उभी असलेली पथके जागच्या जागी वेढली जातात. जुन्या पटावर जी मांडणी निर्दोष ठरली असती, ती या पटावर आत्मघातकी ठरू लागली, आणि बचावाला खोली असली पाहिजे हे सूत्र प्रत्येक सोव्हिएत खेळाडूला रक्ताची किंमत देऊन शिकावे लागले. पहिली फळी मोडण्यासाठीच असते. तिच्या मागे, रणगाड्यांच्या दुसऱ्या चालीचा आवाका जेथे संपतो त्या अंतरावर, दुसरी फळी उभी असली पाहिजे. आणि तिच्याही मागे लोहमार्गाच्या जाळ्यावर, कोणत्याही दिशेला पाठविता येईल अशी कुमक राखून ठेवलेली असली पाहिजे. दुसऱ्या फळीचे काम शत्रूला हरविण्याचे नसते. वेढा पडण्यापूर्वी त्याचे रणगाडे थांबविण्याचे असते.

वेढ्याला इतके महत्त्व का, याचे उत्तर इतिहासाने फार कठोर शब्दांत दिले आहे. युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात जर्मनांचे दोन रणगाडा गट बियालिस्टोकच्या दोन्ही बगलांनी पुढे गेले, २८ जून रोजी मिन्स्क पडले, आणि त्या दुहेरी वेढ्यात सुमारे ३ लाख सैनिक कैद झाल्याचे जर्मनांनी जाहीर केले. सप्टेंबरात कीव्हच्या पूर्वेस, लोखवित्साजवळ, उत्तरेकडून आलेला गुडेरियन आणि दक्षिणेकडून आलेला क्लाइस्ट या जर्मन सेनापतींची गाठ पडली, आणि त्या वेढ्यातील कैद्यांचा जर्मन आकडा ६ लाख ६५ हजारांचा होता. कीव्ह सोडून सैन्य द्नीपरच्या पलीकडे घ्यावे, ही सूचना सरसेनापती-कार्यालयाचा प्रमुख झुकोव्ह याने जुलैच्या अखेरीसच स्टालिनपुढे मांडली होती, आणि तिच्या परिणामी त्याला ते पद सोडावे लागले, असा वृत्तान्त त्याने आपल्या आठवणींत दिला आहे. एका शहराचा मान राखण्यासाठी चार सेना गमावल्या, आणि त्या गेल्यावर शहरही गेले. ज्याने युद्धपटावर मागे सरकण्याचा योग्य क्षण एकदा तरी दवडला आहे, त्याला या निर्णयाचे गांभीर्य पुस्तक वाचणाऱ्यापेक्षा अधिक जाणवते. कारण मागे सरावयाचे तर ते शत्रू भिडण्यापूर्वी सरले पाहिजे, आणि त्या क्षणी फळी शाबूत दिसत असल्यामुळे माघार ही नेहमीच अकारण वाटते.

यासंबंधात एक गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. सोव्हिएत सेनाधिकाऱ्यांनी स्वतः १९४१ च्या जानेवारीत मॉस्को येथे नकाशावर दोन मोठे युद्धखेळ खेळले होते. पहिला २ ते ६ जानेवारी आणि दुसरा ८ ते ११ जानेवारी. पहिल्यात झुकोव्ह ‘पश्चिम’ पक्षाचा आणि पावलोव्ह ‘पूर्व’ पक्षाचा नायक होता, दुसऱ्यात त्यांनी बाजू बदलल्या. परंतु दोन्ही खेळांच्या पूर्वपीठिकेत असे गृहीत धरले होते की, शत्रूने आरंभी केलेली चढाई परतवली गेली आहे आणि त्याला सरहद्दीकडे लोटले आहे. तेथून पुढे सोव्हिएत पक्षाने प्रतिचढाई कशी करावी, एवढाच प्रश्न खेळात सोडविला गेला. चढाई कोणत्या उपायांनी परतवली, किती भूमी आणि किती फौज गमावून परतवली, हे प्रकरण कागदावर एका वाक्यात उरकले होते. तेच प्रकरण सहा महिन्यांनी प्रत्यक्षात उभे राहिले, आणि पश्चिम आघाडीचा सेनापती म्हणून त्याला सामोरा गेलेला पावलोव्ह त्याच वर्षी २२ जुलैला गोळी घालून ठार केला गेला. हौशी खेळाडूंच्या युद्धपटाचा पहिला डाव सुरू होतो तो नेमका या एका वाक्यात उरकलेल्या प्रकरणापासून. आणि म्हणूनच ज्याला १९४१ चे युद्ध समजून घ्यावयाचे आहे, त्याने सोव्हिएत बाजूने एकदा तरी मांडणी करून पाहावी असे मला मनापासून वाटते.

भूमी द्यावयाची खरी, पण सर्व भूमी सारख्या मोलाची नसते. ‘स्टालिनग्राड’ पटावर जर्मन खेळाडूने जून १९४१ पासून मे १९४३ पर्यंत, दरमहा एक या हिशेबाने, आपले डाव खेळून लेनिनग्राड, मॉस्को आणि स्टालिनग्राड ही तीन शहरे जिंकावयाची असतात. आणि सोव्हिएत खेळाडूला मिळणारी नवी भरती यांपैकी किती शहरे त्याच्या ताब्यात आहेत यावर अवलंबून असते. साहजिकच युक्रेनचा विस्तीर्ण मुलूख हा देण्याचा मुलूख ठरतो, आणि लेनिनग्राडची वाट, जी तीनही वाटांत आखूड, ती राखण्याची वाट ठरते. ‘द रशियन कॅम्पेन’मध्ये भरतीचे बळ कामगारांच्या सोंगट्यांतून येते, म्हणून औद्योगिक शहर गमावणे म्हणजे पुढील वर्षाची फौज गमावणे होय. २०१० साली निघालेल्या ‘गॅरी ग्रिग्सबीज वॉर इन द ईस्ट’ या संगणकीय पटात तर सोव्हिएत खेळाडूला प्रत्येक आठवड्याला लोहमार्गाच्या वहनशक्तीची वाटणी करावी लागते : तिने कारखाने पूर्वेकडे न्यावयाचे की कुमक आघाडीवर आणावयाची? प्रत्यक्षात जुलै ते नोव्हेंबर १९४१ या पाच महिन्यांत सुमारे १५०० कारखाने उरल, व्होल्गा आणि सायबेरियाकडे हलविले गेले. द्नीपरवरील प्रत्येक दिवसाच्या विलंबाने किती यंत्रे वाचली, हा हिशेब लक्षात घेतला म्हणजे तेथे मेलेली पथके व्यर्थ मेली असे म्हणवत नाही.

बचावाचा आणखी एक पैलू रचनाकार जेम्स डनिगन यांनी १९७६ मध्ये ‘पँझरग्रुप गुडेरियन’ या स्मोलेन्स्कच्या लढाईवरील पटात पुढे आणला. त्यात सोव्हिएत पथके पालथी ठेवलेली असतात. त्यांचे बळ त्यांच्या पहिल्या लढाईपर्यंत शत्रूला तर नाहीच, पण खुद्द त्यांच्या सेनापतीलाही ठाऊक नसते. घाईने उभारलेली, अर्धशिक्षित, काही ठिकाणी शस्त्रांनी अपुरी अशी फौज हाताशी असताना नेमका हिशेब करून मांडणी करण्याची सोय राहत नाही. मग खेळाडूला शिकावे लागते ते असे की, कोणत्याही एका पथकावर सारा मोर्चा टांगू नये; एक ढासळले तर शेजाऱ्याने सांधावे अशी दुहेरी योजना असावी; आणि जेथे अनपेक्षित बळ प्रकट होईल तेथे कुमक ओतण्याची मुभा शिल्लक ठेवावी. ज्ञात बळाची भूमिती आणि अज्ञात बळाचा विवेक, या दोन्ही गोष्टी सेनापतीजवळ असाव्या लागतात, आणि दुसरी पहिलीपेक्षा दुर्मीळ आहे.

शरदातील चिखल आणि त्यामागून येणारा हिवाळा हे सोव्हिएत बाजूचे मित्र खरे, पण ते जिवंत राहिलेल्या सैन्याचेच मित्र आहेत. वाटा रुतल्या, रसद लांबली, सोव्हिएत लोहमार्गाची रुंदी वेगळी असल्यामुळे जर्मनांना तो बदलीत पुढे यावे लागले, हे सर्व मान्य केले तरी ५ डिसेंबर १९४१ ला मॉस्कोसमोर जी प्रतिचढाई सुरू झाली ती राखून ठेवलेल्या ताज्या सेनांनी केली. अननुभवी खेळाडू येथे दोन प्रकारे चुकतो. एक तर तो उन्हाळ्यातच, फळी सावरण्यापूर्वी, मिळेल तेथे उलट हल्ले करून आपली कुमक जाळतो. किंवा पहिल्या हिवाळी यशाने हुरळून वसंतातही पुढेच जात राहतो. दुसऱ्या चुकीचे उदाहरण इतिहासात ठळक आहे : १२ मे १९४२ रोजी सोव्हिएत सेनापती तिमोशेंकोने खारकोव्हवर चढाई आरंभिली, १७ मे रोजी क्लाइस्टने तिच्या मुळाशी घाव घातला, आणि महिना संपण्यापूर्वी २ लाखांहून अधिक सैनिक वेढ्यात गेले. याच्या उलट १९४३ च्या उन्हाळ्यात कुर्स्क येथे सोव्हिएत सेनेने शत्रूला पहिली चाल जाणूनबुजून दिली, पट्ट्यामागे पट्टा अशी सुरुंग, खंदक आणि तोफांची खोल बांधणी केली, कोनेव्हच्या हाती स्टेप आघाडी ही अखंड राखीव सेना पिछाडीला ठेवली, आणि हल्ल्याचा जोर विरला तेव्हाच आपला हल्ला सुरू केला. युद्धपटाच्या पहिल्या डावात जे तत्त्व नाइलाजाने पत्करावे लागते, ते दोन वर्षांनंतर त्या सेनेने स्वेच्छेने आणि पूर्ण सामर्थ्याने अमलात आणले.

इतके सांगून झाल्यावर या विद्येची मर्यादाही सांगणे माझे कर्तव्य आहे. भूमी देऊन काळ घ्यावा, हे सूत्र पटावर निर्दोष आहे, कारण पटावरच्या घरात कोणी राहत नाही. प्रत्यक्षात जी भूमी दिली गेली तिच्यात माणसे होती. कीव्ह पडल्यानंतर दहा दिवसांत, २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ रोजी, शहराच्या कडेच्या बाबी यार या घळईत ३३,७७१ ज्यूंची हत्या झाली. हा आकडा मारेकऱ्यांनीच आपल्या अहवालात नोंदविलेला आहे. तेव्हा शहर सोडा म्हणणारा सेनापती आणि शहर धरा म्हणणारा राज्यकर्ता यांच्यातील वाद केवळ सोंगट्यांच्या हिशेबाने मिटत नाही. परंतु त्यावरून हिशेब करूच नये असा निष्कर्ष निघत नाही, कारण हिशेब न केल्याने कीव्हही वाचले नाही आणि सैन्यही वाचले नाही. जो निर्णय दुःखाचा आहे तो लांबणीवर टाकल्याने दुःख कमी होत नाही, उलट त्यात पराभवाची भर पडते. काय द्यावयाचे, केव्हा द्यावयाचे, आणि त्याच्या बदल्यात काय मिळवावयाचे, हे वेळेवर आणि डोळे उघडे ठेवून ठरविण्याची सवय मनाला लावणे, हीच सोव्हिएत बाजूच्या बचावाची खरी शिकवण आहे. आणि ज्या देशांना आपल्या सरहद्दींची चिंता वाहावी लागते, त्यांच्या नागरिकांनीही ती समजून घ्यावी इतकी ती मोलाची आहे.